जोखीम जिथवर, नियमन तिथवर

अमेरिकेतील काही राज्यांत शहरे आणि काउंट्या आपल्या रहिवाशांसाठी घाऊक बाजारातून वीज खरेदी करतात. खांब, तारा, मीटर आणि बिलवसुली ही कामे जुन्या वितरण कंपनीकडेच राहतात. वीज कोणाकडून, कोणत्या प्रकारची आणि काय भावाने घ्यायची, एवढा निर्णय मात्र स्थानिक संस्था घेते. या व्यवस्थेला तिथे ‘कम्युनिटी चॉईस ॲग्रिगेशन’ म्हणतात. मराठीत तिला सामुदायिक वीजखरेदी म्हणता येईल. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९७ च्या कायद्याने तिला पहिल्यांदा वाट करून दिली. ओहायोने १९९९ मध्ये, कॅलिफोर्नियाने २००२ मध्ये आणि इलिनॉयने २००९ मध्ये तसे कायदे केले. न्यूयॉर्कमध्ये राज्याच्या आयोगाने २०१६ मध्ये तिला मान्यता दिली. कॅलिफोर्नियात ही व्यवस्था विशेष फोफावली असून तिथे सुमारे २५ संस्था एक कोटीहून अधिक लोकांना वीज पुरवतात.

या संस्थांवर राज्याच्या नियामक आयोगाचे नियंत्रण किती असावे, हा वाद व्यवस्थेइतकाच जुना आहे. तो बहुधा ‘जास्त की कमी’ एवढ्याच भाषेत मांडला जातो, आणि ही मांडणी उथळ आहे. नियंत्रणाचे प्रमाण ठरवण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: स्थानिक संस्थेचा निर्णय चुकला, तर नुकसान कोणाच्या पदरात पडते? ते निर्णय घेणाऱ्या समुदायातच राहत असेल, तर निर्णयाचा अधिकारही तिथेच राहावा. ते त्या समुदायाची वेस ओलांडून बाहेरच्यांवर पडत असेल, तर नियामकाने तिथे ठामपणे उभे राहावे. नियमन जोखमीच्या मागोमाग गेले पाहिजे. संस्था सरकारी आहे की खासगी, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

## १. व्यवस्थेची घडण

कॅलिफोर्नियाचा २००२ चा कायदा वीजबाजाराच्या १९९६ च्या फसलेल्या सुधारणेतून आलेल्या शहाणपणाचा भाग होता. त्या सुधारणेनंतर खासगी वितरण कंपन्यांनी आपली बरीच वीजकेंद्रे विकली आणि त्या रोजच्या बाजारातील खरेदीवर अवलंबून राहिल्या. ग्राहकांचे दर मात्र गोठवलेले होते. २०००-०१ मध्ये घाऊक भाव भडकले, राज्यात भारनियमन करावे लागले आणि एप्रिल २००१ मध्ये पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अखेर राज्य सरकारला स्वतः बाजारात उतरून वीज घ्यावी लागली. त्यासाठी काढलेल्या रोख्यांची परतफेड ग्राहकांच्या बिलांतून पुढे जवळजवळ दोन दशके होत राहिली. एकेकट्या ग्राहकाने पुरवठादार निवडण्याची मुभा २००१ मध्ये थांबवली गेली. एकत्रितपणे, लोकनियुक्त संस्थेमार्फत निवड करण्याची वाट पुढच्याच वर्षी उघडली.

२००२ च्या कायद्यानुसार एखादे शहर एकट्याने, किंवा अनेक शहरे आणि काउंट्या मिळून संयुक्त प्राधिकरण स्थापून, वीजखरेदी सुरू करू शकतात. प्राधिकरणाच्या मंडळावर सदस्य शहरांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात, सभा जनतेला खुल्या असतात आणि दर हे मंडळच ठरवते. संस्थेने आपला अंमलबजावणी आराखडा राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाकडे दाखल करायचा असतो. पण आयोग तिचे दर मंजूर करत नाही. या कायद्याखाली पहिली संस्था मे २०१० मध्ये मरीन काउंटीत सुरू झाली. त्यानंतर सोनोमा, सान फ्रान्सिस्को, सिलिकॉन व्हॅली, लॉस एंजेलिस काउंटीचा मोठा भाग आणि सान दिएगो यांनी तीच वाट धरली.

योजना सुरू झाली की त्या हद्दीतील सर्व ग्राहक आपोआप तिच्यात येतात. ज्याला नको असेल त्याने तसे कळवून बाहेर पडायचे. स्थानिक संस्थेच्या हाती मोठा ग्राहकवर्ग एकदम येतो तो याच तरतुदीमुळे, आणि तिच्या अधिकारांविषयी कठोर प्रश्न विचारणे रास्त ठरते तेही याच तरतुदीमुळे.

## २. दोन प्रचलित मते आणि त्यांतील उणीव

पहिले मत असे: स्थानिक संस्था लोकांनी निवडलेली आहे, तिला भागधारकांना नफा वाटायचा नाही, चुकली तर मतदार तिला जाब विचारतील, मग राज्याच्या आयोगाची ढवळाढवळ कशाला? दुसरे मत याच्या उलट: वीज विकणारा तो वीज विकणाराच. खासगी कंपनीला लागू असलेले सगळे नियम, दरमंजुरीसह, स्थानिक संस्थेलाही लागू झाले पाहिजेत. नाहीतर स्पर्धा विषम होते.

दोन्ही मते संस्थेच्या रूपाकडे पाहतात आणि तिच्या कृतीच्या परिणामांकडे दुर्लक्ष करतात. मतदार जाब विचारतात हे खरे, पण त्या हद्दीतील मतदार. शेजारच्या शहरातील ज्या ग्राहकाला या संस्थेच्या चुकीचा भुर्दंड पडतो, त्याला तिच्या मंडळावर मत नाही. उलट, दरमंजुरीची पद्धत जन्माला आली ती भागधारकांचा परतावा आणि मक्तेदारी यांच्या बंदोबस्तासाठी. जिथे भागधारकच नाहीत आणि ग्राहक बाहेर पडू शकतो, तिथे तीच पद्धत जशीच्या तशी लादण्याला आधार उरत नाही.

लॉस एंजेलिस शहराचा जल व वीज विभाग हे याचे चांगले उदाहरण आहे. हा विभाग नगरपालिकेचा आहे, त्याच्या स्वतःच्या तारा आणि केंद्रे आहेत, आणि राज्याचा सार्वजनिक सेवा आयोग त्याचे दर ठरवत नाही. मग त्याच राज्यात सामुदायिक वीजखरेदी संस्थांवर क्षमता-खरेदीच्या अटी आयोगाने का घालाव्यात? कारण लॉस एंजेलिसचा विभाग आपल्या क्षेत्रातील मागणी-पुरवठ्याचा तोल स्वतः सांभाळतो. त्याचा अंदाज चुकला तर मुख्यतः त्याचेच ग्राहक किंमत मोजतात. सामुदायिक संस्था मात्र खासगी कंपनीच्या तारांवर आणि इतर अनेकांसोबत वाटून घेतलेल्या ग्रिडवर उभ्या असतात. दोन्ही संस्था सार्वजनिकच आहेत. फरक जोखीम कुठे जाते याचा आहे.

## ३. वेशीबाहेर जाणारी पहिली जोखीम: ग्रिडची विश्वासार्हता

१४ आणि १५ ऑगस्ट २०२० रोजी उष्णतेच्या लाटेत कॅलिफोर्नियाच्या ग्रिडचालकाने फिरते भारनियमन केले. २००१ नंतरचा हा पहिलाच प्रसंग. ग्रिडचालक आणि राज्याच्या दोन आयोगांनी मिळून केलेल्या चौकशीत तीन कारणे पुढे आली: नियोजनात धरलेल्यापेक्षा जास्त उष्णता, सूर्यास्तानंतरच्या तासांसाठी अपुरी ठरलेली क्षमतेची उद्दिष्टे, आणि आदल्या दिवशीच्या बाजारातील काही कार्यपद्धती. सामुदायिक संस्थांवर या घटनेचे खापर फोडणे चुकीचे ठरेल. पण त्या दोन संध्याकाळींनी एक भौतिक सत्य स्पष्ट केले. वीज जाते ती फीडरनुसार. कोणाच्या पुरवठादाराने पुरेशी क्षमता बांधून ठेवली होती आणि कोणाच्या नाही, हे पाहून तारा बंद होत नाहीत. एकाच रस्त्यावर एका घराची वीज सामुदायिक संस्थेची आणि शेजारच्या घराची कंपनीची असली, तरी अंधार दोघांनाही सारखाच.

इथे व्यक्तिगत हिशेब आणि सामाईक हिशेब वेगळे होतात. प्रत्येक पुरवठादाराला राखीव क्षमतेवरचा खर्च वाचवण्याचा मोह असतो, कारण वाचलेला पैसा त्याचा आणि तुटवड्याचा धोका सगळ्यांचा. म्हणून २००५ च्या कायद्याने प्रत्येक पुरवठादारावर, सामुदायिक संस्थांसह, अपेक्षित सर्वोच्च मागणी आणि तिच्यावर ठरावीक राखीव प्रमाण एवढी क्षमता आधीच बांधून ठेवल्याचे दाखवण्याची जबाबदारी टाकली. हे राखीव प्रमाण दीर्घकाळ १५ टक्के होते, पुढे ते वाढवण्यात आले. तूट राहिली तर दंड होतो. ज्या संस्थेची तूट राहिली तिला नवी शहरे सामील करून घेण्यावर आयोगाने २०२३ मध्ये मर्यादा घातली. हा निर्बंध योग्य आहे: आहे त्या ग्राहकांची सोय पुरती न करता पसारा वाढवणारी संस्था सामाईक साठ्यातूनच उचल करत असते.

नव्या वीजकेंद्रांच्या बाबतीतही हाच युक्तिवाद लागू पडतो. सगळेच पुरवठादार अस्तित्वातील केंद्रांकडून अल्प मुदतीची खरेदी करू लागले, तर नवे केंद्र उभारायला कर्ज देणारी बँक मिळत नाही. २०१५ च्या कायद्याने २०२१ पासून सक्तीच्या नवीकरणीय विजेपैकी ६५ टक्के भाग दहा वर्षांच्या किंवा त्याहून दीर्घ करारांतून घेणे बंधनकारक केले. आयोगाने २०१९ मध्ये ३,३०० मेगावॉट आणि २०२१ मध्ये ११,५०० मेगावॉट नव्या क्षमतेची खरेदी सर्व पुरवठादारांना वाटून दिली. स्थानिक मंडळाने कोणता प्रकल्प घ्यायचा हे स्वतः ठरवावे. पण आपल्या वाट्याची भर घालायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याला असू शकत नाही.

## ४. दुसरी जोखीम: मागे राहिलेल्यांवरचा भार

वितरण कंपनीने आपल्या सर्व ग्राहकांसाठी वीस-वीस वर्षांचे करार केलेले असतात. कॅलिफोर्नियातील कंपन्यांनी सौर आणि पवन विजेचे सुरुवातीचे करार चढ्या भावाने केले, कारण तेव्हा तोच भाव होता आणि राज्याचे धोरणही तेच होते. पुढच्या दशकात सौर विजेचा भाव कोसळला. मग एखादे शहर कंपनीची वीज सोडून स्वस्त बाजारात गेले, तर जुन्या करारांचा बाजारभावापेक्षा जादा असलेला खर्च कोणी द्यायचा? काहीच नियम नसेल तर तो मागे राहिलेल्या ग्राहकांच्या बिलात जाईल. त्यामुळे आणखी शहरे बाहेर पडतील आणि उरलेल्यांचा बोजा आणखी वाढेल.

याचे उत्तर म्हणून बाहेर पडणाऱ्या ग्राहकांच्या बिलात एक आकार लावला जातो. कंपनीच्या साठ्याचा खर्च आणि त्याच साठ्याचे बाजारमूल्य यांतला फरक काढून, ग्राहक ज्या वर्षी बाहेर पडला त्या वर्षापर्यंतच्या करारांपुरता त्याचा वाटा त्याच्याकडून घेतला जातो. बाजारभाव पडला की हा आकार वाढतो, भाव चढला की आटतो. २०१८ मध्ये आयोगाने त्याची रीत बदलली, तेव्हा सामुदायिक संस्थांनी कडाडून विरोध केला. त्यांचा राग समजण्यासारखा आहे: त्यांच्या दराची तुलना कंपनीच्या दराशी होते, आणि या आकारावर त्यांचे काहीच नियंत्रण नसते.

तरीही त्यामागचे तत्त्व सोडता येत नाही. कायद्यात ते दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे. मागे राहिलेल्यांवर बाहेर पडणाऱ्यांमुळे जादा खर्च पडू नये, आणि बाहेर पडणाऱ्यांवर त्यांच्यासाठी न केलेला खर्च पडू नये. दुसरी बाजू पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. जुन्या करारांतील वीज आणि क्षमता यांचे मूल्य कमी धरले, तर हा आकार बाहेर पडण्यावरचा दंड होऊन बसतो. कंपनीने ग्राहक जाणार हे दिसत असतानाही नव्या खरेद्या चालू ठेवल्या, तर त्यांचा भार गेलेल्यांवर टाकणे हाही अन्यायच. म्हणून या आकाराचे नियमन करताना आयोगाने संस्थेइतकीच कंपनीच्या खरेदीचीही कसून तपासणी केली पाहिजे.

महाराष्ट्राला हा पेच परका नाही. २००३ च्या वीज कायद्याने मुक्त प्रवेशाची, म्हणजे दुसऱ्याच्या तारांवरून आपल्या पसंतीच्या पुरवठादाराची वीज घेण्याची, सोय दिली, तसा क्रॉस सबसिडी अधिभारही ठेवला. मुंबई उपनगरांत २००९ नंतर ग्राहक रिलायन्सच्याच तारांवरून टाटा पॉवरची वीज घेऊ लागले, तेव्हा मागे राहिलेल्या लहान ग्राहकांवर पडणाऱ्या भाराचा प्रश्न उभा राहिला. २०११ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने पुरवठादार बदललेल्या ग्राहकांवरही हा अधिभार लावला. तिथला खर्च जुन्या करारांचा नव्हता, मोठ्या ग्राहकांनी लहानांना दिलेल्या आधाराचा होता. पण प्रश्न तोच: सामाईक ओझ्यातून कोण, किती किंमत देऊन मोकळे होऊ शकतो?

## ५. तिसरी जोखीम: परत येणारे ग्राहक

सामुदायिक संस्था बंद पडली, तरी तिच्या ग्राहकांचे दिवे लागलेच पाहिजेत. ते ग्राहक त्याच दिवशी वितरण कंपनीकडे परततात आणि कंपनीला त्यांच्यासाठी त्या क्षणीच्या भावाने वीज घ्यावी लागते. संस्था बुडण्याचा क्षण बहुधा भाव चढलेले असण्याचाच क्षण असतो. म्हणजे परतीचा हक्क ही फुकट सोय नाही. तिची किंमत आहे आणि कोणीतरी ती मोजतोच.

रिव्हरसाइड काउंटीतील काही शहरांनी स्थापलेल्या वेस्टर्न कम्युनिटी एनर्जी या संस्थेने २०२० मध्ये पुरवठा सुरू केला. त्याच उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेने घाऊक भाव भडकले, महासाथीमुळे थकबाकी वाढली आणि मे २०२१ मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहक सदर्न कॅलिफोर्निया एडिसनकडे परत गेले. लोकशाही उत्तरदायित्व पुरेसे आहे असे मानणाऱ्यांनी या प्रकरणाचा नीट विचार केला पाहिजे. संयुक्त प्राधिकरणाची देणी ही सहसा सदस्य शहरांच्या तिजोरीची देणी नसतात. शहरांना असे संरक्षण हवे असते आणि ते समर्थनीयही आहे. पण त्याचा अर्थ असा, की संस्था कोसळली तर नुकसान शहराच्या खजिन्यापाशी न थांबता पुढे सरकते.

कायद्याने परतीचा जादा खर्च संस्थेनेच द्यावा असे म्हटले आहे आणि त्यासाठी हमी ठेवण्याची अट आहे. २०१८ च्या आदेशात या हमीची किमान रक्कम १ लाख ४७ हजार डॉलर होती. भाव शांत असताना हिशेबाने एवढीच रक्कम निघायची, कारण परतीचा खर्च तेव्हा नगण्य असतो. नेमकी हीच त्या सूत्राची उणीव होती. विम्याचा हप्ता पावसाळ्यापूर्वी ठरवायचा असतो, पूर आल्यावर नाही. आयोगाने पुढे या हमीचे नियम सुधारले. दिशा योग्य आहे: हमीचा आकार आजच्या भावावर न ठरता वाईट उन्हाळ्याच्या भावावर ठरला पाहिजे.

ओहायोतील अनुभव याच जोखमीचे दुसरे रूप दाखवतो. २०२२ मध्ये ईशान्य ओहायोतील सार्वजनिक ऊर्जा परिषदेने सुमारे साडेपाच लाख ग्राहक वितरण कंपन्यांच्या प्रमाणित सेवेकडे, म्हणजे वेगळा पुरवठादार नसलेल्यांना मिळणाऱ्या पुरवठ्याकडे, परत पाठवले. ही संस्था बुडाली नव्हती. बाजारभाव चढले होते आणि प्रमाणित सेवेचा भाव आधीच्या लिलावांत ठरलेला असल्याने तुलनेने कमी होता. आपल्या ग्राहकांच्या दृष्टीने हा निर्णय हितकारक होता. पण लिलावात वीज देण्याचे मान्य केलेल्या पुरवठादारांवर अनपेक्षित मागणी कोसळली. असे पुन्हा होऊ शकते हे ध्यानात ठेवून पुरवठादार पुढच्या लिलावात भावाला जोखमीची जोड लावतात, आणि ती जोड प्रमाणित सेवेवर असलेला प्रत्येक ग्राहक भरतो. म्हणून समुदायाच्या सामूहिक ये-जा करण्याला सूचनेची मुदत आणि ठरलेल्या तारखा असाव्यात. एकट्या ग्राहकाने परत जाणे सोपे असावे. लाखोंनी एकदम परत जाणे नियमांविना नसावे.

## ६. चौथी जोखीम: न विचारता गृहीत धरलेली संमती

आपोआप सामील करून घेण्याच्या पद्धतीत ग्राहकाचे मौन हीच त्याची संमती मानली जाते. अशी संमती वैध ठरण्यासाठी माहिती पोहोचलेली असणे ही किमान अट आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सुरुवातीपूर्वी दोनदा आणि सुरुवातीनंतर दोनदा लेखी कळवण्याची, तसेच ठरावीक मुदतीत विनाशुल्क बाहेर पडू देण्याची तरतूद आहे. हा नियम स्थानिक मंडळाच्या मर्जीवर सोडता येणार नाही. ज्याने निवड केलेली नाही त्याच्या वतीने निवड करण्याचा अधिकार राज्याच्या कायद्याने दिला आहे. त्या अधिकाराची अटही राज्यानेच सांभाळली पाहिजे.

विजेच्या प्रकाराबाबतही हेच. ‘हरित वीज’ असे बिलावर छापणे सोपे असते. काही संस्थांनी सुरुवातीला प्रत्यक्ष विजेपासून वेगळी काढून विकलेली नवीकरणीय प्रमाणपत्रे घेऊन आपली वीज हरित म्हणून दाखवली होती. २०१६ च्या कायद्याने प्रत्येक पुरवठादाराला विजेच्या स्रोतांबरोबर हरितवायू उत्सर्जनाची तीव्रताही जाहीर करणे भाग पाडले. २०२२ च्या कायद्याने तासागणिक हिशेबाकडे पाऊल टाकले. हे आवश्यक होते, कारण दुपारच्या सौर विजेचे प्रमाणपत्र रात्री आठ वाजता गॅसवर चाललेले केंद्र बंद करत नाही.

माहितीच्या शुद्धतेचा नियम कंपनीलाही बांधणारा हवा. जून २०१० मध्ये पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिकने सामुदायिक संस्थांना दोन-तृतीयांश मतांची अट घालणारा प्रस्ताव सार्वमतासाठी आणला आणि त्यावर सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलर खर्च केले. मतदारांनी तो फेटाळला. त्यानंतर २०११ च्या कायद्याने आणि २०१२ च्या आचारसंहितेने कंपन्यांना ग्राहकांच्या पैशाने या संस्थांविरुद्ध प्रचार करण्यास मनाई केली. नियमन समान असावे याचा खरा अर्थ हाच: ज्याच्या हाती तारा आणि बिल आहे, त्याने त्या मक्तेदारीचा वापर स्पर्धकाविरुद्ध करू नये.

## ७. नियामकाने जिथे थांबावे

वरच्या चार जोखमी सोडल्या, तर उरलेले निर्णय समुदायाच्या वेशीआतच राहतात. दर किती ठेवायचा, गंगाजळी किती वाढवायची, नवीकरणीय विजेचे प्रमाण राज्याच्या किमान अटीहून किती वर न्यायचे, घरांवरील सौर पॅनेलना काय मोबदला द्यायचा, हे सगळे त्यांत आले. लॉस एंजेलिस आणि व्हेंच्युरा काउंट्यांतील क्लीन पॉवर अलायन्समध्ये सदस्य शहरे आपल्या रहिवाशांसाठी वेगवेगळ्या हरित पातळ्या मूळ पर्याय म्हणून निवडतात. काहींनी शंभर टक्के नवीकरणीय विजेची निवड केली. तिचा जादा दर तिथलेच ग्राहक देतात, आणि ज्याला नको तो खालची पातळी घेऊ शकतो किंवा बाहेर पडू शकतो. या निवडीची तपासणी राज्याने करावी असे काहीच कारण नाही.

गरीब ग्राहकांची सवलत हा यावरचा रास्त प्रश्न आहे. पण कॅलिफोर्नियात अल्प उत्पन्न गटाची सवलत वितरणाच्या बाजूने दिली जाते, त्यामुळे वीज कोणाची याने ती बदलत नाही. सामाजिक बांधिलकी तारांच्या बाजूला बांधून ठेवली, की विजेच्या बाजूचे स्वातंत्र्य निर्धास्तपणे देता येते.

## ८. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: स्वायत्ततेला एकदा अटी घातल्या, की हळूहळू काहीच उरत नाही. ही भीती निराधार नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये शहरांच्या आराखड्यांना राज्याच्या विभागाची मंजुरी मिळायला दीर्घ विलंब होत गेला, आणि २०२४ मध्ये विभागाला प्रक्रिया सोपी करणारी मार्गदर्शक तत्त्वे आणावी लागली. पण त्यातून निघणारा धडा नेमका वरच्या कसोटीचाच आहे. तिथे विलंब झाला तो आराखड्याचा प्रत्येक तपशील मंजुरीला पाठवण्यामुळे. नियमन कशासाठी आहे हे ठरलेले असेल, तर कशाची मंजुरी लागणार नाही हेही ठरते.

दुसरा आक्षेप: निवड एकेकट्या ग्राहकाला द्या, मग सामूहिक सक्तीही नको आणि तिचे नियमनही. मॅसॅच्युसेट्सच्या महाधिवक्त्यांच्या २०१८ च्या अहवालाने या आशेची तपासणी केली. स्वतंत्रपणे पुरवठादार निवडलेल्या घरगुती ग्राहकांनी जुलै २०१५ ते जून २०१७ या दोन वर्षांत, कंपनीच्या मूळ सेवेच्या तुलनेत, सुमारे १७ कोटी ७० लाख डॉलर जादा भरले होते. एकटा ग्राहक करारातील बारीक अक्षरे वाचत नाही आणि त्याला ते परवडतही नाही. सामूहिक खरेदीत एक जाणता खरेदीदार सगळ्यांच्या वतीने ते वाचतो. सामूहिकतेचा हा लाभ सोडण्यापेक्षा तिच्या जोखमींचा बंदोबस्त करणे शहाणपणाचे आहे.

तिसरा आक्षेप: हमी, राखीव क्षमता, दीर्घ करार या अटी मोठ्या संस्थांनाच पेलतील, लहान गावे बाहेर राहतील. यात तथ्य आहे, पण उत्तर अटी सैल करण्यात नाही. लहान संस्थेची जोखीम लहान असेल तर हमीही प्रमाणात लहान असावी. मात्र लहानपणामुळे जोखीम प्रति ग्राहक वाढत असेल, तर ती लपवून उपयोग नाही. संस्थांनी एकत्र येऊन खरेदी करणे हा खरा उपाय आहे. कॅलिफोर्नियातील अनेक सामुदायिक संस्थांनी २०२१ मध्ये कॅलिफोर्निया कम्युनिटी पॉवर हे सामाईक प्राधिकरण स्थापून दीर्घकाळ चालणाऱ्या ऊर्जासाठवणुकीसारख्या मोठ्या प्रकल्पांचे करार केले. गावाच्या आवाक्याबाहेरचे काम गावांच्या संघाच्या आवाक्यात येते.

चौथा आक्षेप दुसऱ्या टोकाचा: खरेदीदार अनेक झाले की नियोजन विस्कटते आणि २००१ ची पुनरावृत्ती होते. सार्वजनिक सेवा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष मायकेल पिकर यांच्या काळात २०१८ मध्ये निघालेल्या ग्राहकनिवडीवरील अहवालात हाच इशारा होता. इशारा योग्य, पण त्यावरून केंद्रीकरणाकडे उडी मारणे अयोग्य. २००१ चे संकट खरेदीदार अनेक असल्याने आले नव्हते. दीर्घ करार नव्हते, राखीव क्षमतेची जबाबदारी कोणावर नव्हती आणि चढलेल्या खरेदीभावाशी ग्राहकदराचा मेळ नव्हता, म्हणून ते आले. ती जबाबदारी प्रत्येक खरेदीदारावर नेमकेपणाने टाकली आणि तपासली, तर खरेदीदारांची संख्या हा स्वतंत्र धोका उरत नाही.

## ९. नियमनाचा आराखडा

या विवेचनातून नियमनाचे तीन थर निघतात. पहिला थर सक्तीचा: राखीव क्षमता, नव्या क्षमतेतील वाटा, जुन्या करारांचा रास्त हिस्सा आणि वाईट वर्षाच्या भावावर बेतलेली परतीची हमी. यांत सवलत नाही, कारण नुकसान परक्यांचे होते. दुसरा थर प्रकटीकरणाचा: ग्राहकाला वेळेवर सूचना, विजेच्या स्रोतांची एकसारखी मोजणी, आणि संस्थेच्या गंगाजळीची, थकबाकीची व न बांधलेल्या खरेदीची आयोगाला नियमित माहिती. अडचण दिवाळखोरीच्या अर्जातून कळण्याऐवजी ती सहा महिने आधी कळली, तर ग्राहकांचे हस्तांतर शांतपणे करता येते. तिसरा थर स्वातंत्र्याचा: दर, विजेची निवड, स्थानिक कार्यक्रम. इथे आयोगाने हात आखडता घ्यावा आणि मतदारांवर विश्वास ठेवावा.

प्रत्येक नवा नियम या तिहींपैकी कोणत्या थरात बसतो, हे नियम करणाऱ्याने लेखी सांगितले पाहिजे. जो नियम वेशीबाहेर जाणारे नुकसान दाखवू शकत नाही, तो पहिल्या थरात येता कामा नये. आणि जी संस्था बाहेरच्यांवर भार टाकते, तिला स्वायत्ततेच्या नावाने त्यातून सुटका मिळता कामा नये. स्थानिक लोकशाहीला वीजक्षेत्रात खरे स्थान मिळवून द्यायचे असेल, तर तिने आपल्या निर्णयांची पूर्ण किंमत आपणच भरली पाहिजे. ती किंमत भरणाऱ्या समुदायाला मग कोणती वीज कोणत्या दराने घ्यायची, हे विचारण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाही राहत नाही.